झटके, झोप आणि शुद्ध

सेंट पीटर्सबर्गचे प्रसूतितज्ज्ञ वासिली स्त्रोगानोव यांना झटके आलेल्या बाळंतिणीसाठी अंधारी खोली लागे. उजेड नको, आवाज नको, पलंगाला धक्का नको. बाई आली की आधी मॉर्फिनचं इंजेक्शन. अर्ध्या तासाने गुदद्वारातून क्लोरल हायड्रेट. तिसऱ्या तासाला पुन्हा मॉर्फिन आणि मग सातव्या, तेराव्या, एकविसाव्या तासाला पुन्हा क्लोरल. वेळापत्रक घड्याळावर बांधलेलं होतं. बाईला तपासायचं असो, लघवीसाठी नळी घालायची असो, नुसती सुई टोचायची असो, त्याआधी क्लोरोफॉर्मची हलकी भूल द्यायचीच. एवढ्याशा टोचण्यानेही पुढचा झटका येईल अशी त्यांना धास्ती होती आणि त्या काळच्या अनुभवावरून ती फारशी चुकीचीही नव्हती.

एकोणिसावं शतक संपता संपता त्यांनी ही पद्धत मांडली आणि पुढची तीसेक वर्षं ते ती जगभर सांगत राहिले. १९३० साली एडिनबरोत त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, तेही याच विषयावर. विचार सोपा होता. बाळंतिणीचा मेंदू चिडलेला आहे, त्याला डिवचू नका, झोपवा. रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या बाळंतिणीला द्यायच्या औषधांचा पुढचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे तिला किती झोपवायचं, कशाने झोपवायचं आणि झोपवायचं तरी का, याचाच वाद आहे. हा वाद जिथे येऊन थांबला ती जागा स्त्रोगानोव यांना पटली नसती. आज अशा बाईचं सिझेरियन होतं तेव्हा बहुतेक वेळा ती टेबलावर टक्क जागी असते.

स्त्रोगानोव यांच्याआधी काय होतं? मुख्यतः शीर कापून रक्त काढणं. युरोपात झटके आलेल्या बाळंतिणीच्या अंगातलं रक्त भांडंभर काढलं जाई, कधी दोनदा, तीनदा. बाई गळून जाई, तिची धडपड थांबे आणि वैद्याला वाटे गुण आला. आपल्याकडे खेड्यापाड्यांत याच झटक्यांचा ठपका बाहेरच्या बाधेवर यायचा. डोळे फिरलेले, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस आलेला, अशी बाई पाहून घरच्यांनी आधी देवऋषी गाठावा यात नवल नव्हतं. बिलोरी काचेच्या बाटल्या बाळगणारा युरोपातला डॉक्टरही तेव्हा कारणाच्या बाबतीत देवऋषीपेक्षा फार पुढे गेलेला नव्हता.

पहिला ठोस धागा १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात सापडला. तिथे रिचर्ड ब्राइट यांनी मूत्रपिंडाच्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची रीत पाडली होती. लघवीत प्रथिन असेल तर ती साकळून पांढरी होते. जॉन लीव्हर यांनी हीच परीक्षा झटके येणाऱ्या बाळंतिणींवर केली, तर त्यांच्यातल्या बहुतेकींची लघवी साकळली. साध्या बाळंतपणात तसं होत नव्हतं. म्हणजे झटके मेंदूत दिसत असले तरी आजार सगळ्या शरीराचा होता. रक्तदाबाचा पत्ता मात्र अजून कुणालाच नव्हता, कारण तो मोजायचं सुटसुटीत साधनच नव्हतं. इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा १८९६ मध्ये आणला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांनी झटके आलेल्या बाळंतिणींचा दाब चढलेला असतो हे दाखवून दिलं. आज गावच्या उपकेंद्रात गरोदर बाईच्या दंडाला पट्टा बांधतात, त्या सवयीचं मूळ या दोन वर्षांत आहे.

मधल्या काळात भूल आली होती. १९ जानेवारी १८४७ रोजी एडिनबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणात पहिल्यांदा ईथर वापरलं. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरच्या रात्री आपल्या घरी, क्वीन स्ट्रीटवर, जेवणाच्या टेबलाभोवती बसून त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत क्लोरोफॉर्म हुंगून पाहिलं आणि तिघेही टेबलाखाली गेले. चार दिवसांनी ते बाळंतिणीला दिलं गेलं. ७ एप्रिल १८५३ रोजी जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला राजपुत्र लिओपोल्डच्या वेळी रुमालावर थेंब थेंब टाकून ५३ मिनिटं क्लोरोफॉर्म हुंगवलं आणि धर्माच्या नावाने कुरकुरणाऱ्यांची तोंडं बरीचशी बंद झाली. राणीची गोष्ट सगळे सांगतात. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: क्लोरोफॉर्म दिलं की झटका थांबतो, हे त्याच सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आलं. रक्त काढण्यापेक्षा हे हजारपट बरं दिसत होतं. झटका आला की रुमाल, गेला की रुमाल बाजूला, असा क्रम सुरू झाला.

क्लोरोफॉर्मची एक बाजू मात्र उशिरा उघडी पडली. ते यकृताला मारक आहे, आणि या आजारात यकृत आधीच सुजलेलं, जागोजागी रक्तस्राव झालेलं असतं. तासन्‌तास क्लोरोफॉर्म हुंगलेली बाई झटक्यांतून वाचून दोन-तीन दिवसांनी काविळीने जाई, तेव्हा दोष आजाराला द्यायचा की औषधाला, हे सांगणं कठीण होतं. स्त्रोगानोव यांनीही पुढे क्लोरोफॉर्मचा हात आखडता घेतला.

हिंदुस्थानात क्लोरोफॉर्मवरचा सगळ्यात मोठा वाद निजामाच्या हैदराबादेत झाला. तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या पैशाने दोन आयोग बसले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. सर्जन एडवर्ड लॉरी यांचा हट्ट असा की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर; तेव्हा नाडीकडे नको, श्वासाकडे बघा. हृदयाबद्दल ते चुकले हे पुढे सिद्ध झालं. पण भूल देणाऱ्याने श्वासावर नजर ठेवावी, ही त्यांची शिकवण काही वाया गेली नाही. त्यांच्याच शाळेत तयार झालेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाई हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देत आणि १९०९ मध्ये त्या पुढच्या शिक्षणासाठी एडिनबरोला गेल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मुलामुलींना सिम्प्सन ठाऊक असतो, रूपाबाई क्वचित. हे बदलायला हवं.

झोपवण्याच्या जोडीला सुरीही पुढे आली होती. उट्रेख्टच्या हाल्बर्ट्‌स्मा यांनी १८८९ मध्ये सांगितलं की झटक्यांचं मूळ गर्भात आहे, तर पोट उघडून मूल बाहेर काढा. तर्क बिनचूक होता. मूल आणि वार बाहेर आल्याशिवाय हा आजार आजही बरा होत नाही. पण तेव्हाचं सिझेरियन म्हणजे जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि वर क्लोरोफॉर्म किंवा ईथर. झटक्यांनी अर्धमेली झालेली बाई टेबलावरून परत येईलच याची खात्री नसे. दुसरा मार्ग म्हणजे गर्भाशयाचं तोंड बळाने ताणून मूल ओढून काढायचं, तो त्याहून भयंकर. जर्मनीत सुरीवाल्यांचा जोर, रशियात झोपवणाऱ्यांचा. डब्लिनच्या रोटुंडा रुग्णालयात हेस्टिंग्ज ट्वीडी यांचा तिसरा पंथ होता: मॉर्फिन द्या, पोट-आतडी धुऊन काढा, उपास घडवा आणि वाट पाहा.

१९२२ मध्ये टी. डब्ल्यू. ईडन यांनी ब्रिटनमधल्या दोन हजारांवर रुग्णांचा हिशोब मांडला तेव्हा निकाल सुरीवाल्यांच्या विरुद्ध गेला. घाईने सिझेरियन केलेल्या किंवा बळाने बाळंत केलेल्या बायका जास्त दगावल्या होत्या, औषध देऊन थांबलेल्या कमी. स्त्रोगानोव यांचा पक्ष जिंकला. या विजयाने पुढे थोडं नुकसानही झालं, कारण 'झोपवलं म्हणून वाचली' हे समीकरण घट्ट बसलं. खरं तर त्या बायका वाचल्या त्या वाईट शस्त्रक्रियेतून सुटल्या म्हणून. झोपेचा वाटा किती, हे कुणी वेगळं काढून पाहिलंच नव्हतं.

लाइपझिगचे पाउल त्स्वायफेल या आजाराला 'सिद्धान्तांचा आजार' म्हणत. शिकागोच्या लाइंग-इन हॉस्पिटलच्या भिंतीवर प्रसूतिशास्त्रातल्या थोरांची नावं कोरलेली आहेत आणि एक ढाल कोरी ठेवली आहे, या आजाराचं कारण शोधणाऱ्यासाठी, अशी गोष्ट प्रसूतितज्ज्ञ एकमेकांना आजही सांगतात. वार नीट रुजत नाही, तिच्यातून रक्तात सुटणारे पदार्थ रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात, इथपर्यंत आता कळलं आहे. पुरतं कारण अजूनही हाती नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक फुटकळ वाटणारी गोष्ट घडत होती. जुलाबासाठी घरोघरी घेतलं जाणारं एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सुईने दिलं तर झटके थांबतात असं दिसू लागलं. १९०६ मध्ये जर्मनीत हॉर्न यांनी ते कण्याच्या पाण्यात सोडून पाहिलं. १९२५ मध्ये लॉस एंजलिसच्या जनरल हॉस्पिटलात जोसेफ लझार्ड यांनी ते शिरेतून दिलं, पुढच्या वर्षी सेंट लुइसमध्ये एडवर्ड डॉर्सेट यांनी स्नायूत. सुरुवातीला सगळ्यांची समजूत एकच: हेसुद्धा झोपेचं औषध. न्यूयॉर्कच्या पेक आणि मेल्टझर यांनी तर १९१६ मध्ये मॅग्नेशियमवर माणसांच्या शस्त्रक्रिया केल्याचं छापलं होतं.

त्या समजुतीचा निकाल पन्नास वर्षांनी लागला, तोही अंगावर काटा आणणाऱ्या रीतीने. १९६६ मध्ये सोमजेन, हिल्मी आणि स्टीफन यांनी दोन स्वयंसेवकांना शिरेतून इतकं मॅग्नेशियम दिलं की त्यांचे सगळे स्नायू लुळे पडले. बोट हलवता येईना. पण दोघेही पूर्ण शुद्धीत होते. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी स्पष्ट म्हटलं की मॅग्नेशियमने माणसाला भूल येत नाही. झटके थांबवणारं सगळ्यात गुणकारी औषध झोपेचं औषधच नाही, हे त्यातून निघत होतं. प्रसूतिगृहांत मात्र त्याचा अर्थ पोहोचायला आणखी तीस वर्षं लागली.

अमेरिकेत मॅग्नेशियमची गादी डॅलसच्या पार्कलंड हॉस्पिटलात जॅक प्रिचर्ड यांनी सांभाळली. त्यांची मात्रा आजही 'प्रिचर्ड' नावानेच चालते: ४ ग्रॅम शिरेतून, लगोलग ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोलवर, आणि मग दर चार तासांनी ५ ग्रॅम. आपल्या वॉर्डांत या औषधाला कुणी सल्फेट वगैरे म्हणत नाही, 'मॅगसल्फ' म्हणतात. पुढचा डोस द्यायच्या आधी सिस्टर तीन गोष्टी पाहते. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो का, मिनिटाला किती श्वास चालू आहेत आणि पिशवीत लघवी किती साठली. पाय उडाला नाही तर डोस थांबतो. मॅग्नेशियम वाढलं की आधी हा उडता पाय जातो, मग श्वास. म्हणून गुडघ्यावर हातोडीची ही एक टिचकी कित्येक यंत्रांच्या तोडीची आहे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी भरून ठेवलेलं असतं. १९८४ मध्ये प्रिचर्ड यांनी झटके आलेल्या २४५ बाळंतिणींचा अहवाल दिला, त्यात एकच मृत्यू होता, आणि तोही मॅग्नेशियमची मात्रा जास्त झाल्यामुळे. तो लपवला नाही हे त्यांचं मोठेपण.

भारताने तेव्हा वेगळी वाट धरली होती. फ्रेंच नौदलातले सर्जन आंरी लाबोरी यांनी १९५०च्या आसपास शस्त्रक्रियेच्या धक्क्यातून रोग्याला वाचवण्यासाठी औषधांचं एक मिश्रण तयार केलं होतं. त्यातलं नवं औषध क्लोरप्रोमाझीन, ज्याने पुढे मनोरुग्णालयांचं रूप पालटलं. मद्रासच्या एग्मोर इथल्या सरकारी स्त्री-बाल रुग्णालयात एम. के. कृष्ण मेनन यांनी हे मिश्रण झटक्यांच्या बाळंतिणींना दिलं: पेथिडीन, लार्गॅक्टिल (म्हणजेच क्लोरप्रोमाझीन) आणि फेनर्गन. १९६१ मध्ये त्यांनी ब्रिटिश नियतकालिकात निकाल छापले. ४०० च्या वर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण २ टक्क्यांच्या थोडं वर होतं. जिथे आधी चार-पाच झटकेवाल्या बायकांतली एक जाई, तिथे हा आकडा चमत्कारच होता. मेनन यांचं नाव लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासह लिहिलेल्या प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकावर होतं आणि मुंबई-पुण्याचे डॉक्टरही त्याच पुस्तकावर घडले. साहजिकच हे मिश्रण, म्हणजे 'लिटिक कॉकटेल', देशभर पसरलं. त्यामागून डायझेपाम आलं आणि कित्येक ठिकाणी त्याने कॉकटेलची जागा घेतली.

आजच्या नजरेने कॉकटेलला नावं ठेवणं सोपं आहे. वॉर्डात एक डॉक्टर, दोन परिचारिका, रात्री दिवे गेलेले आणि पलंगावर आदळणारी बाई, अशा जागी जे हाताशी होतं त्याने शेकडो जणी वाचल्या. पण किंमत होती. बाई गाढ झोपे, तिचा श्वास मंदावे, जीभ मागे पडे. आणि तिच्यासोबत बाळही झोपे. आईच्या रक्तातली बहुतेक झोपेची औषधं वारेतून बाळापर्यंत जातात. डायझेपामच्या मोठ्या मात्रेनंतर जन्मलेली मुलं लोळागोळा असत. दूध ओढत नसत, अंग गार पडे.

बाळावरचा हा परिणाम मोजायचं साधन एका भूलतज्ज्ञाकडूनच आलं. न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ मध्ये बाळाचे ठोके, श्वास, रंग, हालचाल आणि प्रतिसाद यांना शून्य ते दोन गुण देऊन दहाची बेरीज करायची पद्धत मांडली. आईला दिलेली भूल बाळाला किती लागली हे पाहण्यासाठी तिचा उपयोग पहिल्यापासून झाला. आता प्रत्येक बाळाच्या कागदावर हे गुण लिहिलेले असतात, पण ते एका भूलतज्ज्ञ बाईंनी ठरवले हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सिझेरियन टेबलावर तर झोपेचा हिशोब आणखी अवघड. १९४६ मध्ये कर्टिस मेंडेल्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या ४४,०१६ बाळंतपणांतून ६६ प्रसंग वेचून दाखवले, ज्यांत भुलीखालच्या बाईच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल फुप्फुसांत गेलं होतं. गरोदरपणात जठर वर ढकललेलं, रिकामं व्हायला उशीर लागणारं. झोपेत घशाचा पहारा उठला की ते सरळ श्वासनलिकेत. 'ऑपरेशनआधी काही खायचं नाही' या नियमाला या ६६ प्रसंगांनी बळ दिलं. १९६१ मध्ये ब्रायन सेलिक यांनी गळ्याची कडक कूर्चा बोटांनी मागे दाबून अन्ननलिका बंद करायची युक्ती सांगितली. श्वासनलिकेत नळी घालेपर्यंत मदतनीस ती दाबून धरतो.

ही नळीच रक्तदाबवाल्या बाईची वैरीण ठरते. थायोपेंटोन देऊन झोपवलं, स्नायू सैल करणारं औषध दिलं आणि घशात लॅरिंगोस्कोपचं पातं घालून नळी सारली, की शरीर चवताळून उठतं आणि आधीच १७०-१८० असलेला वरचा दाब क्षणात आणखी उसळी मारतो. या उसळीत मेंदूतली शीर फुटू शकते. त्यात या आजारात घसाही सुजलेला असतो, त्यामुळे नळी जाताना अडते आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. प्रत्येक प्रयत्नागणिक दाब वर. आणि मॅग्नेशियम चालू असेल तर स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा अंमल लांबतो, बाई उशिरा श्वास घेऊ लागते. पूर्ण भुलीसाठी दाब उतरवायची औषधं आधीच देणं, नळीची वेळ साधणं, उठवताना पुन्हा सांभाळणं, हे सगळं तोलून धरणारा भूलतज्ज्ञ खरा कसबी. अमेरिकेत १९८५ ते १९९० या काळात पूर्ण भुलीखालचं सिझेरियन हे पाठीतल्या भुलीपेक्षा जवळजवळ १७ पट जास्त मृत्यूंशी जोडलेलं आढळलं. त्यातला काही भाग घाईच्या, आधीच बिघडलेल्या प्रसंगांचा होता हे खरं, पण सगळा नाही.

मग पाठीत सुई का देत नव्हते? ती काही नवी नव्हती. आउगुस्ट बीअर यांनी कण्यातली भूल १८९८ मध्ये दाखवली होती आणि बाझेलच्या ऑस्कर क्राइस यांनी १९०० मध्ये ती बाळंतपणात वापरलीही. पण रक्तदाबवाल्या बाळंतिणीबाबत पुस्तकं दशकानुदशकं बजावत राहिली की हिला स्पायनल, म्हणजे कण्यातली भूल, नको. कारण वरवर बिनतोड होतं. या बायकांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या, आतलं रक्त कमी. कण्यातल्या भुलीने वाहिन्या एकदम सैल पडतील, दाब तळाला जाईल, वारेला रक्त मिळणार नाही, आई-बाळ दोघंही जातील. फार तर कण्याच्या पडद्याबाहेर थेंबाथेंबाने दिलेलं एपिड्युरल चालेल, एकदम स्पायनल नाही.

ही भीती मोजून पाहिली गेली ती शतक संपताना. १९९५ मध्ये पार्कलंडमध्येच ८० गंभीर रुग्णांवर पूर्ण भूल, एपिड्युरल आणि स्पायनल-एपिड्युरल एकत्र, अशी तुलना झाली. तिन्ही नीट हाताळता येतात असं दिसलं. १९९९ मध्ये हूड आणि करी यांनी जुने कागद चाळून स्पायनल आणि एपिड्युरलमध्ये दाब सारखाच उतरतो हे दाखवलं. आणि २००३ मध्ये फ्रान्समधून आया नावाच्या संशोधकांचा जो निकाल आला त्याने चक्र उलटंच फिरलं. गंभीर आजार असलेल्या ३० आणि निरोगी ३० बायकांना स्पायनल दिलं, तर दाब धोकादायक उतरला तो निरोगींपैकी निम्म्यांहून अधिक जणींत आणि आजारींपैकी साधारण सहांत एकीत. ज्यांच्याबद्दल धास्ती होती त्याच जास्त टिकल्या. या आजारात रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे पदार्थ रक्तातच भरपूर असतात, ते भुलीने सुटत नाहीत, असा त्याचा अर्थ लावतात. सगळा धोका पुस्तकात होता आणि पुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेला.

झटके कशाने थांबवायचे, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९९५ मध्येच आलं होतं. अर्जेंटिनापासून झिम्बाब्वेपर्यंत नऊ देशांत, भारत धरून, झटके आलेल्या १,६८७ बाळंतिणींवर मॅग्नेशियमची तुलना डायझेपामशी आणि फेनिटॉइन या अपस्माराच्या औषधाशी झाली. पुन्हा झटका यायचं प्रमाण डायझेपामच्या मानाने निम्म्याहून कमी, फेनिटॉइनच्या मानाने एक तृतीयांश. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवरच्या 'मॅगपाय' चाचणीत झटके यायच्या आधीच दिलेलं मॅग्नेशियम त्यांची शक्यता निम्म्याहून जास्त घटवतं हे ठरलं. स्त्रोगानोव यांच्या अंधाऱ्या खोलीचा निकाल इथे लागला. जी औषधं बाईला गाढ झोपवत होती ती हरली आणि जे झोपवतच नाही ते जिंकलं.

महाराष्ट्राने यात आपली एक भर घातली. प्रिचर्ड यांची मात्रा टेक्सासच्या अंगलटीला बेतलेली. आपल्याकडची बाळंतीण पुष्कळदा चाळीस-पंचेचाळीस किलोंची, रक्त कमी असलेली. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी भारतीय बायकांना बेतलेली कमी मात्रेची पद्धत २००३ मध्ये देशाच्या प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात मांडली. कमी मात्रेचा वाद अजून चालू आहे. पण हा प्रश्न दिल्ली किंवा लंडनऐवजी सोलापुरातून विचारला गेला, कारण तिथल्या वॉर्डात रोज त्याच बायका दिसत होत्या.

आता टेबलावर काय होतं? रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, पुरेशा असतील (२०२१च्या अमेरिकी शिफारशीनुसार ७० हजारांच्या वर), तर बाईला कुशीवर वळवून किंवा बसवून कण्यात बारीक सुईने दोन मिलिलिटरच्या आसपास जड बुपिवाकेन दिलं जातं. पाय जड होतात, छातीखाली बधिर होतं, डोकं शाबूत राहतं. प्लेटलेट फार कमी असतील, झटके चालूच असतील, बाई शुद्धीवर नसेल तर आजही पूर्ण भूलच द्यावी लागते आणि तेव्हा दाब उसळू न देणं हा सगळा खेळ असतो. घाबरलेल्या, थरथरणाऱ्या बाईला झोप आणणारं काही द्यायचं झालं तर बहुतेक भूलतज्ज्ञ बाळ बाहेर येऊन नाळ कापेपर्यंत थांबतात आणि मग मिडाझोलाम किंवा हल्ली डेक्समेडेटोमिडीन अगदी थोडं देतात. डेक्समेडेटोमिडीनने श्वास फारसा दबत नाही, थरथर थांबते, दाबही थोडा उतरतो, म्हणून रक्तदाबवाल्या बायकांत त्याच्यावर बरंच काम चालू आहे. पण ठोके मंदावतात, तिकडे लक्ष ठेवावं लागतं. त्याला स्त्रोगानोव यांच्या क्लोरलची जागा द्यायची घाई कुणी करू नये.

या सगळ्याच्या आड एक साधा प्रश्न उरतो: सुई द्यायला माणूस आहे का? तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसतो म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं जीवरक्षक भुलीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. उपकेंद्रातल्या एएनएमला झटक्याच्या बाईला पुढे पाठवण्याआधी मॅगसल्फचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, द्यायची परवानगी आहे. जिल्ह्याला पोहोचेपर्यंतचे दोन-तीन तास या एका डोसावर निघतात. २००३ ते २००९ या काळात जगातल्या मातामृत्यूंपैकी साधारण १४ टक्के रक्तदाबाच्या विकारांनी झाले होते.

म्हणून घरात गरोदर बाई असेल तर प्रत्येक तपासणीत दाब आणि लघवी पाहिली जाते ना, याची खात्री करा. डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, छातीखाली उजवीकडे दुखत असेल, चेहरा-हात एकाएकी सुजले असतील, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. बाळंत झाल्यावरही पहिले काही दिवस हेच लागू आहे, कारण झटके बाळंतपणानंतरही येतात. आणि सिझेरियनसाठी आत नेण्याआधी भूलतज्ज्ञाने शेवटचं कधी खाल्लं, दाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारलं तर अर्धा कप चहासुद्धा न लपवता सांगा.